पाऊण चौरस मीटर

हेलसिंकीत दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी दुपारी बारा वाजता भोंगा वाजतो. सात सेकंद, एकाच सुरात. रस्त्यावरचं कुणी मानसुद्धा वर करत नाही. खरा धोक्याचा भोंगा चढउतार करत मिनिटभर चालतो. तो ऐकायची वेळ अजून आलेली नाही. नोकरीसाठी पुण्याहून नवीन आलो होतो तेव्हा हा सोमवार उगवला आणि मी ऑफिसच्या खिडकीशी जाऊन उभा राहिलो. शेजारचा सहकारी जेवत होता. "चाचणी आहे," एवढं म्हणून तो जेवत राहिला.

आम्ही शहराच्या पूर्वेकडच्या भागात राहतो. इमारत जुनी, सहा मजली, आणि तळघरात युद्धाच्या वेळी आसरा घ्यायचा निवारा. फिनलंडमध्ये ठरावीक आकारापेक्षा मोठी इमारत बांधायची तर निवारा बांधावाच लागतो. निवासी इमारतींना ही मर्यादा 1200 चौरस मीटर आहे. आमच्या निवाऱ्याच्या पोलादी दारावर नारिंगी चौकोनात निळा त्रिकोण आहे. नागरी संरक्षणाची ही खूण जगभर सारखीच. आत मात्र सायकली, स्की, बाबागाड्या, जाळीच्या कप्प्यांत कोंबलेले ख्रिसमसचे खोके आणि कुणाचा तरी फाटका सोफा. फेब्रुवारी 2022 पर्यंत ही जागा म्हणजे सायकल ठेवायची खोली, एवढीच लोकांची समजूत होती. त्या महिन्यात रशियाने युक्रेनवर चाल केली आणि लिफ्टमध्ये एकमेकांकडे न बघणारे शेजारी एकमेकांना विचारू लागले, "आपल्याकडे किती जण मावतात?"

निवाऱ्याची देखभाल बघणारे आजोबा मुलीकडे दुसऱ्या गावी राहायला गेले होते. मी सभेत जरा जास्तच प्रश्न विचारले, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. फिनिश भाषा बेताची, लष्करी अनुभव शून्य. "कोर्स असतो," अध्यक्षबाई म्हणाल्या आणि विषय संपला.

कोर्स घेणारे निवृत्त अग्निशमन अधिकारी होते. मला वाटलं होतं, सुरुवात दार कसं लावायचं इथून होईल. त्यांनी आधी भिंतीवर देशाचा नकाशा लावला. पूर्वेकडे रशियाशी 1340 किलोमीटरची सीमा, देशाची लोकसंख्या 56 लाखांच्या घरात, युद्ध झालं तर उभं राहणारं सैन्य 2 लाख 80 हजारांचं. त्यातले बहुतेक सगळे राखीव, म्हणजे एरवी बस चालवणारे, शाळेत शिकवणारे, माझ्या ऑफिसात कोड लिहिणारे. ते म्हणाले, सीमेवर उभ्या असलेल्या माणसाला घरच्यांचं काय झालं हे कळत नसेल तर त्याचं अर्धं लक्ष मागे असतं. म्हणून हे तळघर हा देशाच्या संरक्षणाचाच भाग समजायचा.

मग आकडे आले. देशात साधारण 50,500 निवारे, त्यांत 48 लाख लोकांची सोय. म्हणजे सगळ्यांची नाही. खेड्यापाड्यांत सुट्या घरांना निवारे नसतात, तिथल्या लोकांनी घरातच आडोसा धरायचा. हेलसिंकीत उलट, रहिवाशांपेक्षा जागा जास्त, कारण दिवसा कामाला येणारेही धरलेले. माणशी जागा 0.75 चौरस मीटर. हा आकडा ऐकून वर्गात जरा कुजबुज झाली. विरार लोकलने कॉलेजला गेलेल्या माणसाला मात्र त्यात घाबरण्यासारखं काही वाटलं नाही. फरक एवढाच की लोकलमधून दीड तासाने उतरता येतं.

अधिकाऱ्यांचा आदेश आल्यापासून 72 तासांत निवारा रिकामा करून, यंत्रं लावून, तयार ठेवायचा असा नियम आहे. मला हा नियम तेव्हाही खटकला, अजूनही खटकतो. युद्ध येण्याआधी तीन दिवसांची नोटीस देतं, हे त्यात गृहीत धरलेलं आहे. खारकीव रशियाच्या सीमेला इतकं लागून आहे की तिथे क्षेपणास्त्र आणि भोंगा यांच्यातली शर्यत कित्येकदा क्षेपणास्त्रच जिंकतं. मी हे विचारलं. शिक्षकांनी प्रश्न टाळला नाही. म्हणाले, सैन्याची जमवाजमव लपून होत नाही, 2022 मध्येही महिनोन्‌महिने दिसत होती. आदेश वेळेवर द्यायचा की नाही हा राजकारण्यांचा प्रश्न आहे. आणि तुम्हाला कुणी सांगितलंय आदेशाची वाट बघायला? फाटका सोफा आजही बाहेर काढता येतो.

कॉफीच्या सुट्टीत एका वयस्कर गृहस्थांशी गाठ पडली. दुसऱ्या कुठल्याशा इमारतीसाठी तेही कोर्सला आले होते. त्यांची आई सुओमुसाल्मीची. नाव मला ऐकून माहीत होतं, कारण 1939-40च्या हिवाळी युद्धाचं काहीही वाचायला घेतलं की हे गाव येतंच. सोव्हिएत डिव्हिजन जंगलातल्या एकेका अरुंद रस्त्याने आत येत होत्या. दोन्ही बाजूंना कमरेएवढा बर्फ, त्यामुळे रणगाडे आणि ट्रक यांना रस्ता सोडता येईना. फिनिश तुकड्या स्कीवरून जंगलातून यायच्या, रांगेचे तुकडे पाडायच्या आणि एकेक तुकडा वेगळा कोंडायच्या. कोंडलेल्यांचं स्वयंपाकघर आधी उडवायचं, शेकोटीला जमलेल्यांवर गोळ्या झाडायच्या. बाकीचं काम थंडी करायची. राआतेच्या रस्त्यावर जानेवारी 1940 मध्ये सोव्हिएत 44वी डिव्हिजन अशीच संपली. लष्करी कॉलेजांत आजही ही लढाई शिकवतात.

गृहस्थ म्हणाले, "ते सगळं खरं. पण गाव आमच्याच लोकांनी जाळलं होतं."

डिसेंबर 1939 मध्ये फिनिश सैन्य मागे हटलं तेव्हा सुओमुसाल्मीची घरं पेटवूनच हटलं. उणे तीस-चाळीस तापमानात शत्रूला एकही छप्पर मिळू नये, म्हणून. कोंडण्याचा डाव यशस्वी झाला त्यात या जळलेल्या घरांचाही वाटा आहे. कारेलिया या पूर्वेकडच्या प्रांतात सीमेलगतच्या कित्येक गावांत हेच झालं. त्यांच्या आईने आपलं घर जळताना पाहिलं होतं. गाय आधीच दुसऱ्यांबरोबर पाठवलेली, हातात एक गाठोडं. ती आयुष्यभर म्हणायची की जाळणाऱ्या सैनिकाने आधी टोपी काढली होती आणि भिंतीवरचं घड्याळ तिच्या हातात आणून दिलं होतं. त्या सैनिकावर तिचा राग नव्हता. राग होता तो उशिरा मिळालेल्या हुकमाचा, कारण निघायला तासाभराचा अवधी मिळाला. हे सांगून गृहस्थांनी दालचिनीचा पाव संपवला आणि कप धुवायला गेले.

हिवाळी युद्ध संपलं तेव्हा कारेलियाचा मोठा तुकडा सोव्हिएत संघाकडे गेला आणि चार लाखांहून जास्त माणसं विस्थापित झाली. देशाची लोकसंख्या तेव्हा चाळीस लाखांच्या आत होती. त्यांना राहिलेल्या फिनलंडमध्ये वसवलं, इतरांच्या जमिनी कायद्याने वाटून. पुढच्या युद्धात भाग परत मिळाला तेव्हा बरेच जण परत गेले, घरं पुन्हा बांधली, आणि 1944 मध्ये पुन्हा उठले. आपल्याकडे धरणग्रस्तांबद्दल जे बोललं जातं, त्यातलं बरंचसं इथल्या जुन्या माणसांकडून जसंच्या तसं ऐकायला मिळतं. पुनर्वसनाचं काम मात्र यांनी मनावर घेतलं, एवढं म्हणायला हवं.

दुपारच्या सत्रात गाडी युक्रेनवर येणारच होती. कीवच्या उत्तरेला देमिदिव नावाचं गाव आहे. फेब्रुवारी 2022च्या अखेरीस युक्रेनच्याच सैन्याने इरपिन नदीवरचा बांध मोकळा केला. नदीकाठचा सखल भाग पाण्याखाली गेला, रशियन रणगाड्यांची कीवकडची वाट चिखलात रुतली. राजधानी वाचली त्यामागचं हे एक मोठं कारण. देमिदिवच्या तळघरांतलं पाणी मात्र कितीतरी महिने हटलं नाही. बटाटे गेले, भिंती गेल्या. तिथल्या लोकांच्या मुलाखती शिक्षकांनी दाखवल्या. बहुतेक जण म्हणत होते, "ठीक आहे, कीव वाचलं." नंतर लगेच पंपाचं काय झालं ते विचारत होते.

इरपिनचा पूलही तसाच. शत्रूचे रणगाडे येऊ नयेत म्हणून युक्रेनने तो स्वतः पाडला. पाडलेल्या पुलाखालून, पाण्यावर टाकलेल्या फळ्यांवरून म्हाताऱ्याकोताऱ्यांना हाताला धरून नेतानाची छायाचित्रं सगळ्यांनी पाहिली आहेत. ज्या पुलाने रणगाडा येतो त्याच पुलाने गावातली माणसं बाहेर पडतात. पूल आधी पाडला तर माणसं अडकतात, उशिरा पाडला तर रणगाडा आत असतो. ती वेळ कुणीतरी एकजण ठरवतो, आणि बहुधा अपुऱ्या बातमीवर. गुंतवणुकीच्या गप्पा मारणाऱ्या आमच्या ऑफिसातल्या एका मुलाचं राखीव दलातलं काम अशाच पुलांचं आहे, हे मला नंतर कळलं. त्याने आपणहून कधी सांगितलं नव्हतं.

मग वर्गातल्या एका तरुण बाईने तो अवघड प्रश्न विचारला. ऑगस्ट 2022 मध्ये ॲम्नेस्टी इंटरनॅशनल या मानवी हक्क संघटनेने म्हटलं होतं की युक्रेनचं सैन्य वस्तीत, शाळांत, इस्पितळांत तळ ठोकून नागरिकांना धोक्यात घालतंय. त्यावर गदारोळ झाला, ॲम्नेस्टीच्या युक्रेनमधल्या प्रमुखांनी राजीनामा दिला. "आपलं सैन्य काय करील?" तिने विचारलं. शिक्षकांनी जिनिव्हा करारांच्या 1977च्या पहिल्या प्रोटोकॉलचं 58वं कलम वाचून दाखवलं. लष्करी ठाणी दाट वस्तीत ठेवू नयेत, नागरिकांना ठाण्यांपासून दूर न्यावं. पण त्यात 'शक्य तितकं' असा शब्दप्रयोग आहे. शत्रू शहरच घ्यायला आला असेल तर शहराबाहेर राहून शहर कसं राखणार? माझं मत सांगायचं तर या वादात दोन्ही बाजू एक गोष्ट विसरतात. सैन्य शाळेत शिरलं की नाही यापेक्षा त्याच्या आधी आजूबाजूची माणसं हलवली होती का, हा खरा प्रश्न. तो युद्ध सुरू झाल्यावर सुटत नाही. बस कुठून आणायच्या, कोण कुठल्या गावी जाईल, हे शांततेच्या काळात कुणीतरी कंटाळवाण्या तक्त्यांत भरून ठेवलेलं असावं लागतं.

सुरुंगांचा विषय निघाला तेव्हा वर्ग गप्प झाला. फिनलंड 2012 मध्ये माणसांविरुद्धच्या भूसुरुंगांवर बंदी घालणाऱ्या ओटावा करारात सामील झाला होता, आणि जानेवारी 2026 मध्ये त्यातून बाहेर पडला. लांब सीमा, थोडं सैन्य, तेव्हा सुरुंगांशिवाय भागणार नाही, हा त्यामागचा हिशोब. शांततेच्या काळात पेरणार नाही, नकाशे ठेवू, असं सरकार सांगतं. मला हे पटतं आणि पटत नाही. फिनलंडच्या पूर्वेकडच्या जंगलांत लोक ऑगस्टमध्ये ब्लूबेरी आणि सप्टेंबरमध्ये मशरूम गोळा करायला जातात. इथे कुणाच्याही जंगलात जायचा हक्क प्रत्येकाला आहे. सैन्य आज नकाशा जपून ठेवील. पण युद्धात बर्फ वितळतो, ओढे वाट बदलतात, नकाशा बाळगणारी तुकडी जागेवर राहीलच असं नाही.

सगळा कोर्स असा गंभीर नव्हता. शेवटचे दोन तास हाताने करायच्या कामांचे होते आणि त्यात मला खरी गोडी लागली. निवाऱ्यात हवा आत ओढणारं यंत्र असतं. वीज असेल तर मोटरवर, नसेल तर हाताने. लोखंडी दांडा, लाकडी मूठ. सुरुवातीला हलकं लागतं. एरवी हवा साध्या मार्गाने येते. बाहेर विषारी वायू किंवा किरणोत्सारी धूळ असेल तर झडप फिरवून ती खास गाळणीतून घ्यायची, की लगेच दांडा जड होतो. मिनिटाभरात खांदा भरून येतो. माणसं आळीपाळीने लावावी लागतात. हवा अशी सतत आत ढकलली की आतला दाब बाहेरच्यापेक्षा थोडा जास्त राहतो, म्हणजे फटीतून काही आत येत नाही, आतलंच बाहेर जातं. भिंतीवर एक छोटा दाबमापक असतो. त्याचा काटा इवलासा हलला तेव्हा दांडा फिरवणाऱ्या बाईने विजयाने हात वर केले.

खास गाळणी सीलबंदच ठेवायची, सरावात फोडायची नाही. दाराच्या आतल्या बाजूला प्लॅस्टिकचा तंबू लावायचा, बाहेरून येणाऱ्याने त्यात थांबून कपडे उतरवायचे. कोरडे संडास, पिशव्या, आडोशाचा पडदा. इमारत कोसळून दार अडलं तर भिंतीतल्या छोट्या झडपेतून सरपटत बाहेर पडायचं. ती झडप आमच्या निवाऱ्यात कुठे आहे हे बघायला मी त्याच संध्याकाळी खाली गेलो. सोफ्याच्या मागे होती.

वसंतात इथल्या सोसायट्यांमध्ये श्रमदान असतं. पानं गोळा करायची, वाळू झाडायची, शेवटी सॉसेज भाजायचे. त्या वेळी निवारा रिकामा करून बघू, असं मी सुचवलं. सराव म्हणून, घड्याळ लावून. सॉसेजच्या आशेने बरेच जण आले. कागदावर तीन दिवस पुष्कळ वाटतात. प्रत्यक्षात जाळीचे कप्पे सोडवायला ज्या मापाचा पाना लागतो तो कुणाकडेच नव्हता. निम्म्या सायकलींना मालक नव्हता आणि कुलूप होतं. पहिल्या मजल्यावरच्या बाईंनी विचारलं, कुत्र्याचं काय? प्राण्यांना आत घेत नाहीत असं कोर्समध्ये सांगितलं होतं. ॲलर्जी, हवा, जागा, कारणं सगळी समजण्यासारखी. मी ते सांगितलं. बाई म्हणाल्या, "मग मीही बाहेर." त्यांच्या स्वरात धमकी नव्हती, त्या आपली नोंद करून देत होत्या. नागरिकांचा धोका मोजणाऱ्या कुठल्याच तक्त्यात अशा माणसांचा रकाना नसतो. युक्रेनमध्येही कित्येक म्हातारी माणसं गाय, कोंबड्या, मांजर सोडवेना म्हणून गोळीबारातल्या गावांत राहिली.

हे सगळं मी आईला फोनवर सांगत होतो. तिचं लहानपण गिरगावातल्या चाळीत गेलं. 1971च्या डिसेंबरात खिडक्यांच्या काचांना काळे कागद चिकटवले होते, गाड्यांचे दिवे अर्धे काळे रंगवलेले असत, आणि कुणाच्या फटीतून उजेड दिसला की वॉर्डन खालून त्या बिऱ्हाडाचं नाव घेऊन ओरडायचा. 2025च्या मे महिन्यात देशभर मॉकड्रिल झालं तेव्हा तिने शेजारच्या मुलांना हेच ऐकवलं होतं. माझं सगळं ऐकून घेऊन ती म्हणाली, "अरे, ते सगळं ठीक. पण लाइट कोण बंद करतं तुमच्याकडे?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून शोधलं, तर 1944चा फेब्रुवारी हाताला लागला. सोव्हिएत विमानांनी हेलसिंकीवर तीन रात्री प्रचंड हल्ले केले. शहर पूर्ण अंधारात ठेवलं होतं. तोफा एकेका विमानावर न रोखता शहराच्या वाटेवर आभाळात आगीची भिंतच उभी करायच्या. त्याहून धूर्त डाव म्हणजे शहराबाहेरच्या बेटांवर मुद्दाम आगी पेटवल्या आणि सर्चलाइट फक्त पूर्वेकडच्या बाजूचे लावले, म्हणजे वैमानिकांना वाटावं शहर तिकडेच आहे. हजारो बाँबपैकी जेमतेम पाचेक टक्के शहरात पडले, बरेचसे समुद्रात गेले. तरी तीन रात्रींत मिळून दीडशेच्या आसपास माणसं गेली, पण त्या वेळच्या युरोपातल्या इतर शहरांच्या मानाने हेलसिंकी अक्षरशः वाचलं. आईला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे तुमच्या बाजूला पाडायचे की बाँब!" पूर्वेकडचे म्हणजे आम्हीच. तेव्हा इकडे वस्ती विरळ होती. आता मेट्रो आहे, मॉल आहे, आणि इताकेस्कुसला खडक फोडून जमिनीखाली बांधलेला पोहण्याचा तलाव आहे. तिथे मी लेकीला शनिवारी घेऊन जातो. वेळ पडली तर तलाव रिकामा करून त्यात 3800 माणसं बसवायची योजना आहे. लेकीने विचारलं, पाणी कुठे जाणार? हा प्रश्न मी शिक्षकांना ईमेलने पाठवला आहे.

निवाऱ्याची यंत्रसामग्री निदान दहा वर्षांतून एकदा तपासून घ्यावी लागते. आमची मुदत उलटून गेलेली. तपासनीस आला, दार लावून आत हवा भरली, काटा जागचा हलेना. पोलादी दाराभोवतीचं रबर इतकं वाळलं होतं की नखाने त्याचे कपचे निघत होते. त्याने खर्चाचा अंदाज दिला. तो वाचून समितीतल्या एका सभासदाने आधी छपराचं काम करू असं सुचवलं.

दरम्यान सूचनांचा कागद करायचं माझ्याकडे आलं. आमच्या जिन्यात फिनिश, सोमाली, एस्टोनियन, अरबी, रशियन बोलणारी घरं आहेत, आणि मराठी बोलणारं एक. मी मसुदा सगळ्या भाषांत करून घेतला, मराठी सोडून. समितीच्या व्हॉट्सॲप गटावर एकाने विचारलं, रशियन कशाला? थोडा वेळ कुणी काही लिहिलं नाही. मग चौथ्या मजल्यावरच्या युक्रेनियन बाईंनी लिहिलं की त्यांची आई खारकीवची आहे, तिला रशियनच नीट वाचता येतं, आणि अक्षर मोठं ठेवा. कागद लागला. रशियन मजकूर 18च्या टाइपात आहे. रबराचा खर्च पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात घेऊ, असं सध्या ठरलंय.